तिसरं इंजेक्शन

पाटोद्याच्या बाजारपेठेत गुळव्यांच्या किराणा दुकानातून साधी काडेपेटी घरात गेली तरी ती लिहिली जाते. धोंडप्पा गुळवे चिकट आहेत म्हणून नव्हे. चिकट ते आहेतच, पण इथं कारण वेगळं आहे. दुकानात चुलतभाऊ केदारनाथचा अर्धा वाटा. केदारनाथ बीडला राहतो, पाडव्याला येतो, जेवतो, वह्या चाळतो आणि ढेकर देऊन परत जातो. त्याला बोलायला जागा राहू नये म्हणून घरात गेलेला प्रत्येक जिन्नस ‘घरखर्च’ या वहीत उतरतो. ज्यानं घेतला त्यानं चिठ्ठी लिहायची, गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायची. दुकान बंद करताना धोंडप्पा चष्मा पुसून सगळ्या चिठ्ठ्या वहीत उतरवणार.

वर्षाराणी नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा पहिल्याच महिन्यात या चिठ्ठीनं तिला घाम फोडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पॅडचं पाकीट एका हातात, चिठ्ठी दुसऱ्या हातात. लिहायचं काय? वाचणार सासरा. बराच वेळ पेन चावून तिनं लिहिलं, ‘जनरल – १’. जनरलमध्ये काय काय येतं! दोरा, डिंक, पिना, झाडू. कुणी काही विचारलं नाही. पुढं अकरा वर्षं तीच चिठ्ठी चालू राहिली आणि बी.कॉम. झालेल्या वर्षाराणीला आपल्या या युक्तीचा मनातल्या मनात अभिमान होता.

एक गोष्ट लिंगायतांच्या या घरात बरी होती. बाईचा विटाळ पाळत नसत. गळ्यात लिंग आहे, मग विटाळ कसला, असं त्यांचं सरळ म्हणणं. चारही दिवस बाईनं लिंगपूजा करायची, भाकरी थापायच्या, गल्ल्यावर बसायचं. शेजारच्या बंकटची बायको वनमाला मात्र महिन्यातून चार दिवस ओसरीच्या कोपऱ्यात चटईवर बसलेली दिसे. “तुमचं बाई बरं, कसली कटकट न्हाई,” ती म्हणायची. वर्षाराणीला वाटायचं, एकदा हिच्याशी जागेची अदलाबदल करून बघू. वनमालेला विटाळ होता, पण दुखत नव्हतं. हिला विटाळ नव्हता, पण कमरेपासून मांडीपर्यंत असं पिळून निघायचं की बिल करताना आकडे डोळ्यांपुढं पोहायचे. पदराखाली गरम पाण्याची पिशवी धरून ती हसतमुखानं विचारायची, “शेंगदाणे अर्धा किलो का पाव?” रजा मागायची सोयच नव्हती. रजेचं कारणच घरात कुणी मानत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरला दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आजाराचं नाव एन्डोमेट्रिओसिस निघालं, आणि अंडाशयात साचलेल्या जुन्या रक्ताच्या गाठीला म्हणे चॉकलेट सिस्ट म्हणतात. “नाव ठिवनारानं कधी दुकान चालवलं नसंल,” असं नवरा, म्हणजे वीरेश, म्हणाला होता. तेव्हा धोंडप्पांनी नव्वद हजार मोजून दिले. त्यांनी पावती मागितली नाही, असं आयुष्यात त्या एकदाच झालं. घराच्या दृष्टीनं तो विषय तिथं मिटला. ऑपरेशन झालं, आता वर्षभरात पाळणा हलणार. वर्षभर झालं, दोन झाली, तीन झाली. गाठ मात्र वेळेवर परत आली.

म्हणून यंदा ऑक्टोबरात दोघं नवराबायको “थायरॉईड दाखवून येतो” म्हणून बीडला गेली. प्रियदर्शनी मॅडमनी सोनोग्राफी केली, जुने कागद वाचले आणि टेबलावरच्या पॅडवर गर्भाशयाचं चित्र काढलं. चित्र काही फारसं चांगलं आलं नाही, पण बोलणं सरळ होतं.

“आतमध्ये जसं अस्तर असतं तसं तुमच्यात बाहेरही उगवतंय. दर महिन्याला तेही रक्ताळतं. त्या रक्ताला वाट नाही, म्हणून ते साचतं आणि सगळं चिकटवून टाकतं. गर्भाशयाच्या भिंतीतही थोडं शिरलंय. वय चौतीस. अंड्यांचा साठा वयाच्या मानानं कमी. आता टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला उशीर करू नका, हे माझं मत पक्कं आहे.”

“आणि कच्चं मत कोणतं?” वर्षाराणीनं विचारलं.

मॅडम हसल्या. “कच्चं असं, की त्याआधी महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं घ्यावीत. पाळी थांबते, आजार झोपतो. झोपलेल्या घरात पाहुणा आणावा तसं आपण त्या वेळेत गर्भ ठेवायचा.”

“किती पडतात?”

“एक सात हजाराला.”

वीरेशचा धंदा जागा झाला. “मॅडम, तिन्ही एकदम घेतली तर काई कमी?”

“गुळवे, साबण नाहीये तो.”

वर्षाराणीनं नवऱ्याच्या पायावर पाय दिला. “घेतल्यानं फरक किती पडतो, मॅडम? शंभरात सांगा.”

“खरं सांगू? तुमच्या रिपोर्टवर एका प्रयत्नात शंभरातल्या तीसेक बायकांना यश येतं. आधी इंजेक्शनं घेतली तर हा आकडा वाढतो, असं काही अभ्यास म्हणतात. काही म्हणतात, विशेष फरक नाही. तुमचा आजार भिंतीत आहे म्हणून मला घ्यावीशी वाटतात. वाटतात, एवढंच.”

“आणि तोटा?”

“पन्नाशीच्या बाईसारखं शरीर वागेल. अंगातून वाफा निघतील, चिडचिड होईल, झोप जाईल. हाडं थोडी झिजतात, पण तीन महिन्यांत फार नाही, आणि बहुतेक भरून येतात. खरा तोटा वेळेचा. पंचविशीतल्या बाईला तीन महिने काहीच नसतात. तुम्हाला आहेत.”

माल विकणारा स्वतःहून त्यातली खोट दाखवतो तेव्हा वर्षाराणी त्याच्याकडून माल घेते. अकरा वर्षं गल्ल्यावर बसून तिनं एवढं कमावलं होतं. पण घेण्याआधी, परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याला चहा पिताना तिनं बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. दोघांच्या भिशीचे दोन लाख चाळीस हजार. टेस्ट ट्यूबचे औषधांसकट एक लाख सत्तर. उरले सत्तर. पहिल्या खेपेला जमलं नाही, तर गोठवून ठेवलेला गर्भ दुसऱ्यांदा ठेवायला साठ. म्हणजे भिशीत दोन खेपा बसत होत्या. इंजेक्शनांचे एकवीस हजार गेले की उरणार एकोणपन्नास, आणि दुसरी खेप हातची जाणार.

“एकच खेप, पन मजबूत. का दोन, पन साध्या?” वीरेशनं विचारलं.

“मजबूत हाय का न्हाई हेच तर मॅडमला म्हाईत न्हाई.”

“मग?”

“मग चहा प्या.”

घरात सांगायचं नव्हतं. नव्वद हजारांच्या ऑपरेशनचं फळ धोंडप्पा अजून मनात धरून होते, त्यांना काय तोंड दाखवणार? पण पोटातलं कुणापाशी तरी बोलायला हवं. दुकानामागच्या खोलीत धान्य निवडायला येणारी छबुबाई हरभरा निवडत होती. पन्नाशीही झाली नव्हती, पण उठताना भिंतीला धरून उठायची. वर्षाराणीनं तिच्यापुढच्या सुपात हात घालत हळूच सांगितलं.

छबुबाईनं सूप खाली ठेवलं. “पाळी बंद करायचं विंजक्शन? आन ते लेकरू व्हावं म्हनून? वैनी, तुमी शिकलेल्या का मी?”

“परत येते मावशी. औषध थांबलं की येते.”

“आमाला बी तरास जाईल म्हनूनच सांगितलं व्हतं. सव्वीसची व्हते मी. उसाला गेलतो. पोटात दुखायचं म्हनून दाखवलं, तर डागदर म्हनला पिशवी नासली, ठिवली तर कॅन्सर. काढली. आमच्या टोळीत पाच जणींच्या काढल्यात्या. तीन लेकरं व्हती म्हनून मी काई रडले न्हाई.” तिनं हरभऱ्यातला एक खडा उचलून लांब फेकला. “पन तवापासून ही हाडं बोलायला लागलीत बगा. पावसाच्या आदी मलाच इचारून घ्या.”

“माझी पिशवी कुणी काढत न्हाई.”

“आज न्हाई,” छबुबाई म्हणाली आणि पुन्हा निवडायला बसली.

त्या दोन शब्दांनी वर्षाराणीचं जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना फोन लावून तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. पाळी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पहिलं इंजेक्शन घेतलं. दुकानात परतल्यावर पॅडच्या पाकिटाची चिठ्ठी नेहमीसारखी डब्यात टाकली. पुढं बराच काळ ती लिहावी लागणार नव्हती. हे तिच्या लक्षात होतं, पण त्यातून काय निघेल हे कुठं सुचलं होतं!

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. मग एके दिवशी बाजाराच्या गर्दीत तिला जाणवलं की काहीतरी कमी आहे. आधी वाटलं, वीज गेली की काय. पंखा तर चालू होता. कमी होती ती कळ. चौदाव्या वर्षापासून जी कधी मोठ्यानं तर कधी पुटपुटत सोबत होती, ती गप्प झाली होती. बदल्यात थंडीच्या दिवसांत अंगातून अशी वाफ उठायची की तूरडाळीच्या थंड पोत्याला गाल लावून उभं राहावंसं वाटे. गुडघे कुरकुरायचे. वीरेशवर ती विनाकारण खेकसायची, आणि तो विनाकारण ऐकून घ्यायचा.

ती शांतता आली आणि वर्षाराणीला एक नवीनच दुखणं लागलं. आजवर कळ एवढा दंगा करायची की तिच्यामागं काय आहे ते ऐकूच येत नव्हतं. पाळी आली की तिला रडू यायचं, पण ते दुखतंय म्हणून का मूल नाही म्हणून, हे वेगळं काढायला सवडच नसायची. आता दुखत नव्हतं आणि रडू येत होतं. म्हणजे खातं कुणाच्या नावाचं ते उघड झालं. एखादी पोरसवदा आई कडेवरच्या लेकराला सावरत ग्राइप वॉटर मागायची. लेकरू गल्ल्यावरच्या चिल्लरवर झडप घालायचं, आई त्याच्या हातावर चापट मारायची. वर्षाराणी म्हणायची, “असू दे गं, खेळू दे.” बाई बिल चुकतं करून निघून गेल्यावर गल्ल्याच्या काचेवर ओल्या बोटांचे ठसे राहायचे. काच पुसायचं काम तिचंच. ती लगेच पुसायची नाही.

नोव्हेंबरात दुसरं इंजेक्शन झालं आणि त्याच सुमाराला सासऱ्याच्या डोक्यात काहीतरी बिघडलं.

सुरुवात सीताफळांपासून झाली. घरच्या माणसानं बाजारात जाऊन फळं विकत घेतली, हेच आधी अघटित. त्यात धोंडप्पांनी टोपली थेट सुनेपुढं ठेवली. “खा.” मग गल्ल्यामागची लोखंडी खुर्ची गेली, तिथं गादीची आली. तिनं पाच किलोची आट्याची पिशवी उचलली तर म्हातारा काउंटरच्या आतून धावला. “ठीव! ठीव म्हनलं ना!” गिऱ्हाईक दचकून दोन पावलं मागं सरलं. कार्तिकी पौर्णिमेला ते कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला गेले ते दुसऱ्या दिवशी आले, आणि त्यानंतर चार दिवस स्वतःशीच गुणगुणत होते. वह्या लिहिताना गुणगुणणारा धोंडप्पा पाटोद्यानं पाहिला नव्हता.

“अप्पाला काय झालंय हो?” तिनं वीरेशला विचारलं.

“केदारकाका वाटा सोडतोय का काय?” वीरेश म्हणाला. त्याची कल्पना तिथवरच धावायची.

डिसेंबरातल्या एका सोमवारी दुपारी उलगडा झाला. दुकान जेवणापुरतं बंद होतं. वर्षाराणी ताटावर बसली आणि सासूनं, नीलम्मानं, तिच्या भाकरीवर तुपाचा असा गोळा ठेवला की भाकरी दिसेना. मग समोर मांडी घालून बसली.

“कावून लपवलंस गं?”

“काय, अव्वा?”

“आता मलाच इचार काय ते! सासू म्हंजी का परकी बाई? मला माझ्या नवऱ्याकडून कळावं? आन त्या मानसानं तरी नीट सांगावं का न्हाई? म्हने, सूनबाईला जड उचलू दिऊ नको. कावून म्हनलं, तर म्हने, सांगितलं तेवढं कर. चाळीस वर्सं मी काय दगडासंगं संसार केलाय, मला कळत न्हाई व्हय?” नीलम्माचे डोळे भरले होते आणि हसू आवरत नव्हतं. “कितवा?”

घास वर्षाराणीच्या हातात राहिला. दारात धोंडप्पा उभे होते, चूळ भरायला निघालेले, हातात तांब्या. वीरेश ताटावरून न उठता आईकडं आणि बायकोकडं आळीपाळीनं बघत होता.

“अप्पा,” वर्षाराणी म्हणाली, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

धोंडप्पांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सत्तरीच्या माणसाला इतकं लाजताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. तांब्या या हातातून त्या हातात गेला.

“कुनी न्हाई. वहीत न्हाई म्हनून.”

“काय न्हाई?”

“ते... जनरल.” ते भिंतीकडं बघत म्हणाले. “दोन म्हैने झाले. न्हाई आलं.”

नीलम्माला काही कळलं नव्हतं आणि वर्षाराणीला एकदम सगळं कळलं. एवढी वर्षं या घरात तिच्या पाळीची नोंद कुणापाशीच नव्हती, नवऱ्यापाशीसुद्धा धड नाही. ती होती फक्त या माणसापाशी. डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा, रोज दुकान बंद करताना. साखर दोन किलो, चहा पाव किलो, जनरल एक.

तिनं घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. गाठ परत आल्याचं, थायरॉईडच्या थापेचं, भिशीचं, इंजेक्शनानं पाळी थांबल्याचं. सांगताना ती आकडेच सांगत गेली, कारण आकडे सांगताना आवाज कापत नाही.

“म्हंजी औषदानं,” धोंडप्पा म्हणाले.

“हो अप्पा.”

ते उंबऱ्यावरच खाली बसले. तांब्यातलं पाणी थोडं सांडलं. मग सुनेकडं न बघता म्हणाले, “मी सांगितलं आसतं का तुला? पन म्हैना भरत आला की बगायचो. एक दिस वर जायचा. दोन दिस जायचे. मग यायचीच चिठ्ठी. तेवढी वळ लिव्हायला लई जीवावर यायचं बग.”

वर्षाराणीनं ताटावरून उठून न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं. मनात गुणाकार चालू होता, तो काही केल्या थांबेना. अकरा वर्षं. सव्वाशेच्या वर चिठ्ठ्या. सव्वाशे वेळा तिनं याच न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडून घेतलं होतं. तिला वाटलं होतं, ती एकटीच. भिंतीपलीकडं दर वेळी आणखी एक माणूस त्याच दिवशी, त्याच गोष्टीसाठी हिरमुसून पेनाचं टोपण लावत होता.

ती बाहेर आली तोवर नीलम्मा सावरली होती, आणि सावरलेली नीलम्मा म्हणजे तापलेला तवा. थायरॉईडसाठी तिनं वीरेशला धुऊन काढलं. मग सुनेकडं वळली. “बास झालं आता. तिसरं घ्यायचं न्हाई. पाळी बंद पाडून का कुटं लेकरं व्हत्यात? वयाची तू चौतीस, आन आंगातून वाफा माज्याहून जास्ती! कवा सुरू करायचं ते आताच करा. ह्याच म्हैन्यात.”

“पैशाचं सोड,” धोंडप्पा मध्येच म्हणाले. “दुसरी खेप, तिसरी खेप. मी हाय.”

वर्षाराणीला वाटलं होतं, पैशाची अडचण निघाली की हिशेब सोपा होईल. उलट झालं. आजवर ती एकोणपन्नास आणि साठ यांच्यामधल्या अकरा हजारांना दोष देऊ शकत होती. आता समोर दोनच पारडी उरली. एकात एक महिना, झिजणारी हाडं, वाफा. दुसऱ्यात एका डॉक्टरचं ‘वाटतं’. ते दुसरं पारडं जड का हलकं, हे वजन करून बघायला जगात काटाच नव्हता.

आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःला थांबवत नव्हतं. सासूचं बोलणं तिच्याच मनातलं होतं. त्या दुपारी तुपाच्या गोळ्यापाठोपाठ सासूचं ‘कितवा?’ आलं तेव्हा, गैरसमज फिटायच्या आधी, क्षणभर तिलाही वाटून गेलं होतं, की असेल. औषध विसरून, तारखा विसरून, बी.कॉम. विसरून. तो एक क्षण तिच्या जिभेवर राहिला होता. तो परत हवा होता, आणि लगेच हवा होता.

तिसऱ्या इंजेक्शनची तारीख पाटोद्याच्या बाजाराच्या दिवशी आली. वीरेशला दुकान सोडता येईना. “मी जातो संगं,” धोंडप्पा म्हणाले आणि कडक इस्त्रीचं धोतर नेसून तयार झाले. बसमध्ये दोघांत एक सीट सोडून बसले. मांजरसुंब्याच्या घाटात त्यांनी एकदाच विचारलं, “घ्यायचं ठरलं का?”

“न्हाई अजून.”

“बरं,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दवाखान्यात ते बाहेर बायकांच्या गर्दीत अंग चोरून बसले आणि वर्षाराणी आत गेली. सोनोग्राफीत गाठ साडेचारची साडेतीन सेंटिमीटर झाली होती. प्रियदर्शनी मॅडमनी पडदा तिच्याकडं वळवून दाखवलं.

“चांगलं आहे. पण हे बघा, दोनवरही थांबता येतं. थांबलात तर लगेच पुढच्या तयारीला लागू. तिसरं घेतलंत तर महिनाभर पुढं. दोन्ही चुकीचं नाही. मला अजूनही तिसरं घ्यावंसं वाटतं, पण मागच्या वेळेपेक्षा जास्त खात्रीनं नाही सांगू शकत.”

‘लगेच’ हा शब्द वर्षाराणीच्या घशात येऊन बसला होता. तोंड उघडलं असतं तर तोच पडला असता. गल्ल्यावर अशी गिऱ्हाइकं तिनं पुष्कळ पाहिली होती. वस्तू बघताच ज्याचे डोळे लकाकतात, पिशवी आधीच उघडून धरतो, वजनसुद्धा बघत नाही. त्याला फसवायचं नाही असं ठरवलं तरी तो स्वतःच फसतो. आज काउंटरच्या त्या बाजूला ती उभी होती, पिशवी उघडून.

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही वाईट दिवस डोळ्यांसमोर आणून बघितले. चांगले दिवस आणून उपयोग नव्हता, ते दोन्हीकडं सारखेच दिसत होते. समजा तिसरं घेतलं आणि तरी हुकलं. राग येईल, नशिबाचा. समजा घेतलं नाही आणि हुकलं. राग येईल, स्वतःचा. नशिबाचा राग अकरा वर्षं पुरवून वापरला होता, आणखी वापरता आला असता. दुसरा झेपला नसता.

“द्या,” ती म्हणाली.

“नक्की?”

“नक्की न्हाई मॅडम. पण द्या.”

सिस्टरनं सुई टोचली, कापूस दाबून धरायला सांगितला. कॅल्शियमच्या गोळ्यांची चिठ्ठी, पुढची तारीख, तयारीची यादी. एकतीस दिवस. आता लगेच कुणासमोर जावंसं वाटत नव्हतं. पण बस पावणेदोनची होती.

ती दार ढकलून बाहेर आली आणि तिथंच थांबली.

बाकावर धोंडप्पा बसले होते आणि त्यांच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं एक बाळ होतं. कुणाचं ते कळेना. त्याची आई तपासायला आत गेली असावी आणि शेजारच्या म्हाताऱ्याकडं “जरा धरा बाबा” म्हणून देऊन गेली असावी. धोंडप्पांनी ते तेलाचा डबा धरावा तसं दोन्ही हातांनी ताठ धरलं होतं. बाळानं त्यांच्या चष्म्याची काडी मुठीत पकडली होती.

“बोला सावकार,” धोंडप्पा अगदी हळू, पण दुकानातल्या आवाजात त्याला विचारत होते. “काय पायजे? गूळ का साखर? गूळ ताजा हाय. चाकून बगा, मग घ्या.”

बाळानं चष्मा ओढला. तो नाकावरून निसटून गालावर लोंबला, तरी त्यांनी तो सोडवायला हात काढला नाही.

“उदारी न्हाई बरं का,” ते म्हणाले. “तुमाला हाय. तुमाला समदं उदार.”

वर्षाराणीनं दार हळूच ओढून घेतलं. आत सिस्टरनं मान वर करून विचारलं, “काय ताई, चक्कर आली?”

“न्हाई. जरा बसते.”

“बसा की. बस चुकंल पण.”

“दुसरी असती अडीचला,” वर्षाराणी म्हणाली आणि दंडावरचा कापूस दाबून धरत स्टुलावर बसली.